डावा घास

"आ करा," मी म्हणाले.

आत्याबाईंनी ओठ मिटले आणि मान भिंतीकडे वळवली.

"अहो, आत्ता कुठं सुरुवात केलीय. अर्धी भाकरी तरी खा."

"भूक न्हाई. बास."

"दुपारीही हेच म्हणालात."

"दुपारीबी न्हवती."

आमटीत कुस्करलेला घास माझ्या बोटांत तसाच राहिला. आमटी मनगटावरून कोपराकडे ओघळत गेली, पण ती पुसायचंही त्राण माझ्यात नव्हतं. मी तो घास माझ्याच तोंडात टाकला. त्या दिवसांत माझं जेवण असंच व्हायचं, आत्याबाईंनी नको म्हटलेल्या घासांवर.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, अनसूयाबाई. या गोष्टीला आता वीसेक वर्षं होतील. कराडात त्यांना खानावळवाल्या अनसाबाई म्हणूनच सगळे ओळखायचे. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला, एका सकाळी भाकऱ्या थापून उठता उठता त्या कोसळल्या आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय पुढं थोडा सावरला. धरून धरून मोरीपर्यंत जाता यायचं. जीभ जड झाली होती, शब्द ओढत ओढत यायचे, पण डोकं पहिल्यासारखंच तल्लख होतं आणि स्वभावही. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. मांडीवर नेऊन ठेवला की तिथंच पडून राहायचा.

खानावळ बंद झाली आणि त्यांना भरवायचं काम माझ्याकडे आलं. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते, आलेल्या दुधाचं फॅट तपासायला. रजेला रजा जोडत मी पावसाळा ढकलला. शेवटी साहेबांनी निरोप धाडला, दसरा झाला की सोमवारी हजर व्हा, नाहीतर आम्ही जागा भरतो. त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण माझा नवरा भालचंद्र वायरमन. सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडला की कुठल्या मळ्यात कुणाच्या मोटारीशी झटत बसला असेल, सांगता यायचं नाही. आमची तेजू तिसरीत, तिची शाळा दुपारची. आणि परक्या बाईच्या हातचा घास आत्याबाई घेईनात. शेजारच्या काकूंनी एकदा हौसेनं भरवायला घेतलं, तर आत्याबाईंनी तो घास सरळ पदरात काढून ठेवला. म्हणजे मी कामावर गेले की दुपारी त्या उपाशी, आणि मी घरी राहिले की माझी नोकरी गेली, असा सरळ हिशेब होता.

डॉक्टर म्हणाले होते, "उजव्या हाताच्या मागं आता लागू नका. डावा धडधाकट आहे, त्याला शिकवा. आपल्या हातानं जेवायला लागल्या की अर्ध्या बऱ्या झाल्या समजा."

ऐकायला किती सोपं. मी घरी येऊन त्याच दिवशी ताट त्यांच्या डाव्या बाजूला ठेवलं.

"आत्याबाई, या हातानं बघा की खाऊन."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू मोरीत बसून जेवायला सांगितलं होतं.

"ह्या हातानं? ह्यो हात कशाचा, ठावं हाय न्हवं तुला?"

"साबणानं धुते मी. पाणी नाही का पीत तुम्ही त्याच हातानं?"

"पाणी येगळं."

"आणि जेवता जेवता आमटी वाढून घ्यायचात, ती पळी कुठल्या हातात असायची?"

"पळी येगळी. घास येगळा."

"बरं, मग चमच्यानं खा. घासाला बोट लागायला नको."

"आन् चमचा कशात धरू? ह्यात न्हाई, मग पायात?"

सुंभ जळाला तरी पीळ काही जळाला नव्हता. मी ताट परत ओढलं आणि घास कालवायला घेतला.

आणि ही बाई काही न शिकणारी होती का? छे! उलट शिकण्याचं खूळ म्हणावं तर तिच्याच घरात होतं. त्यांच्या खानावळीत कॉलेजची पोरं यायची, मुलखामुलखातली. प्रत्येक पोराला आत्याबाईंची एकच अट. जायच्या आधी आपल्या घरचा एक पदार्थ मला शिकवून जायचं. "मला कुठं येतं मावशी, आईला येतं," असं कुणी म्हणालं की म्हणायच्या, "मग सुट्टीला जाशील तवा आईपाशी बसून बघून ये." आणि पोरं खरोखर बघून यायची. वर्ध्याच्या पोराकडून त्या पाटवडीचा रस्सा शिकल्या, राजापूरच्या पोराकडून घावन, धारवाडच्या एकाकडून गुळाची चटणी.

नवा पदार्थ झाला की पहिला घास त्या शिकवणाऱ्या पोराच्या तोंडात स्वतःच्या हातानं घालायच्या. मग त्याच्यापुढं उभं राहून विचारायच्या, "कसा झालाय? खरं सांग, गोड बोलायचं न्हाई. आईच्या हातावानी झालाय का?" पोरगं कधी चाचरत म्हणायचं, तिखट जरा कमी आहे. आत्याबाई मान हलवायच्या आणि पुन्हा चुलीपुढं बसायच्या. शिकवणारा बरोबर म्हणाल्याशिवाय तो पदार्थ त्या स्वतः खायच्या नाहीत. खानावळीत तसा रिवाजच होता.

लुना चालवायला त्या पन्नाशीत शिकल्या. गुडघे फोडून घेतले, पण शिकल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं बीएस्सी अर्धं राहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "लगीन झालं म्हून डोकं म्हायेरी ठिवून आलीस काय?" त्यांनीच मला परत कॉलेजात घातलं, आणि नंतर डेअरीच्या कोर्सालाही. मी अभ्यासाला बसले की भालचंद्रला त्यांचं फर्मान असायचं, तूही आपलं वायरमनच्या परीक्षेचं पुस्तक काढ. आणि स्वतः क्रोशाचा नवा टाका घेऊन बसायच्या. "घरातलं एक मानूस शिकत आसलं, तर बाकीच्यांनी हातावर हात ठिवून बसायचं न्हाई," असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांची पुस्तकं, सुया, वायरी त्या एका दिव्याखाली पसरलेल्या असायच्या. दूध संघातली माझी खुर्ची म्हणजे तशी त्यांचीच कमाई होती. आता तीच त्यांच्यापायी चालली होती, आणि हे त्यांना सांगायची मला सोय नव्हती.

एका दुपारी माझा तोल गेला. सकाळपासून पाणी नव्हतं, चादरी दोनदा बदललेल्या, तेजूला ताप. दोन घासांतच आत्याबाईंनी मान वळवली आणि मी ताट खाली आदळलं.

"मग राहा उपाशी! माझे हात तरी काय लोखंडाचे आहेत?"

मी पडवीत जाऊन भिंतीला टेकले. रडावं म्हटलं, तर रडायलाही जरा जोर लागतो.

तेजूचा ताप उतरला, त्या सकाळी मी तिची वेणी घालत होते. ती हळूच म्हणाली, "आई, आज्जीला भूक लागते."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. तू झोपलीस की ती माझ्याकडं बिस्किटं मागते. मी पाण्यात बुडवून तिच्या तोंडात घालते. तुला सांगू नको म्हणालीय."

"का पण?"

"म्हणाली, तुजी आय लई दमती. मी लवकर बास म्हटलं, की तिला लवकर टेकाया मिळतंय."

माझ्या हातातली वेणी सुटली. इतके महिने मी समजत होते, म्हातारी हट्टानं तोंड मिटते. आणि ती माझ्यावर दया करत होती, उपाशी राहून! मला भडभडून आलं, आणि खरं सांगते, त्याच्या जोडीनं रागही आला. असली दया घेऊन मी करू काय? त्यांचा डावा हात जर ताटात गेला असता, तर दोघींचीही सुटका होती.

संध्याकाळी भालचंद्र आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो वायरचं भेंडोळं गुंडाळत ऐकत राहिला. मग एकदम म्हणाला, "मला आईनं उजव्या हातावर कसं आणलं, तुला म्हाईत हाय?"

तो डावखुरा आहे हे मला ठाऊक होतं. पकड, स्क्रूड्रायव्हर सगळं डाव्या हातात. जेवण आणि लिहिणं तेवढं उजव्यानं.

"कसं?"

"ताट पुढं आलं, की माझा डावा हात पाठीमागं बांधायची. जुन्या लुगड्याच्या काठानं. पहिलीत होतो मी. जेवण होईस्तोवर सोडायची न्हाई."

"इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत!"

"त्यात काय बोलायचं? बाकीच्या आया मारायच्या. माझी बांधायची." त्यानं भेंडोळं खुंटीला अडकवलं. "उद्यापासनं आपण समद्यांनी डाव्या हातानं जेवायचं. तिच्याम्होरं बसून."

"वेड लागलंय का? त्यांना चालेल?"

"एक मानूस शिकत आसलं तर बाकीच्यांनी हातावर हात ठिवून बसायचं न्हाई. कुणाचा कायदा हाय ह्यो?"

दुसऱ्या संध्याकाळी आत्याबाईंना खुर्चीवर बसवून आम्ही तिघं त्यांच्या पायाशी पंगत मांडून बसलो. त्यांचं ताट पुढ्यातल्या स्टुलावर ठेवलं. भालचंद्रनं उजवा हात पाठीमागं नेला, डाव्या हातानं भात कालवला आणि घास उचलला. तो तोंडापर्यंत गेला नसेल, तोच फाटकन आवाज झाला. आत्याबाईंनी पुढं वाकून त्याच्या हातावर चापट मारली होती. भाताची शितं सगळीकडं उडाली.

मग तेजू ओरडली, "आज्जी! तू डाव्या हातानं मारलंस!"

"मारायला चालतो," आत्याबाई म्हणाल्या.

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी हसले मी. भालचंद्र मात्र हसला नाही. त्यानं शितं गोळा केली आणि पुन्हा घास उचलला. तोही अर्धा सांडला. हनुवटीला आमटी लागली, भात शर्टावर पडला.

"अहो, तुम्ही तर डावखुरे ना?" मी म्हणाले.

"पकड धरायला," तो खाली मान घालून म्हणाला. "घास त्याला कुठला ठावं? ह्यो हात पहिलीपासनं ताटापाशी आलाच न्हाई."

आत्याबाईंनी ते ऐकलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि त्या दिवशी पंगत उठेपर्यंत परत वळवलं नाही. मग मी त्यांना भरवलं, नेहमीसारखं. पण आता मला बिस्किटांचं माहीत होतं. त्या बास म्हणाल्या तरी मी हलले नाही. "मी दमलेय ते दमलेय. तुम्ही उपाशी राहून माझी पाठ काही दुखायची थांबणार नाही," असं तोंडावर सांगून टाकलं. त्यांनी तेजूकडे एकदा रागानं पाहिलं आणि तोंड उघडलं.

तुम्ही कधी डाव्या हातानं जेवून पाहिलंय का? डाव्या हातचा मळ म्हणतात एखाद्या सोप्या कामाला. ज्यानं कुणी म्हटलं, त्यानं त्या हातानं भाकरी मोडून बघावी. भात कसाबसा जातो. भाकरी मात्र काही केल्या मोडत नाही, नुसती ताटभर सरकत राहते. आमच्या जेवणाला दुप्पट वेळ लागायला लागला, आणि मग जमीन पुसण्यात आणखी. आधीच मी मेटाकुटीला आलेली, त्यात रोज हा तमाशा. आत्याबाई एका शब्दानं बोलेनात. फक्त कुणाच्या हातून भाकरीचा तुकडा खाली पडला, की त्यांच्या कपाळावर आठी उमटायची. ज्या बाईनं जन्मात शीत वाया जाऊ दिलं नाही, तिच्या डोळ्यांपुढं तीन माणसं अन्न सांडत होती. चार-सहा दिवसांत मी भालचंद्रला म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी आहे हे. मी सांगते संघात, माझी जागा भरा म्हणून."

"दसरा तर होऊ दे," तो म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तेजूची भाकरी पुन्हा ताटाबाहेर गेली. ती चिडून रडायला लागली.

"नाहीच जमत! मी नाही जेवणार!"

"आगं मूर्ख पोरी," खुर्चीतून आवाज आला. "दोन बोटं दाबून धर. आंगठ्यानं वढ. नखानं न्हाई, पेरानं."

तेजूनं प्रयत्न केला. भाकरी फिरली.

"आसं न्हाई! फिरीवतीस कशाला? दाब तिला."

"मग दाखव ना आज्जी!"

"कशानं दावू?" आत्याबाई म्हणाल्या. मांडीवरच्या उजव्या हाताकडं त्यांचे डोळे गेले आणि तिथंच राहिले. मी घास घ्यायची थांबले. भालचंद्रही थांबला.

मग त्यांनी एकदम डावा हात उचलला आणि पुढ्यातल्या भाकरीवर ठेवला. दोन बोटं दाबली, अंगठ्यानं ओढलं. भाकरी मोडली नाही. स्टुलावरच्या ताटातून सरकली आणि जमिनीवर पडली.

आयुष्यभर ज्यांनी शेकड्यांनी भाकऱ्या थापल्या आणि मोडल्या, त्या आत्याबाई त्या पडलेल्या भाकरीकडं बघतच राहिल्या. मला वाटलं आता या रडणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी खानावळीत अनेकदा पाहिलं होतं, घावन तव्याला चिकटलं की यायचं तेच.

"जमत न्हाई म्हंजी काय?" त्या हाताकडं बघत त्या म्हणाल्या. "दे ती हिकडं."

त्यांनी त्या भाकरीचे तासभर हाल केले. शेवटी एक वेडावाकडा तुकडा निघाला. तेजूनं टाळ्या वाजवल्या.

"आता खा, आज्जी!"

"खाऊ कशाला? शिकतीया मी. जेवत न्हाई."

"शिकायला चालतं का डाव्या हातानं?" मी विचारलं.

"शिकायला समदं चालतं," त्या ठासून म्हणाल्या. "जेवायला न्हाई."

मी त्यांना उजव्या हातानं भरवलं आणि त्यांच्या हातचे भाकरीचे तुकडे मी शेजारच्यांच्या शेळीला नेऊन घातले.

दसरा झाला. पुढचे दिवस रोज तेच. संध्याकाळी आम्ही चौघं डाव्या हातांची शाळा भरवायचो. भाकरी मोडायची, आमटीत बुडवायची, तीन बोटांत धरून उचलायची. भालचंद्र सर्वांत आधी तयार झाला. त्याच्या हाताला आठवायला लागलं, म्हणायचं तर. एका संध्याकाळी त्याचा घास न सांडता तोंडात गेला, तेव्हा आत्याबाई त्या हाताकडं टक लावून बघत होत्या.

"चांगला हात व्हता त्यो तुझा," त्या म्हणाल्या.

"अजून हाय की, आई."

"मी बांधला. मला वाटलं, पोराला लोकं नावं ठिवतील."

"बरं, मग आता सुटला न्हवं? जेव तू."

त्या जेवल्या नाहीत. घास मात्र फार नीट करायला लागल्या होत्या. करून ताटाच्या कडेला ठेवायच्या, एकापुढं एक. शेळी चांगली गुबगुबीत झाली.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी मला हजर व्हायचं होतं आणि आत्याबाईंनी एकही घास आपल्या तोंडात घातला नव्हता. दुपारी मी भालचंद्रला सांगून टाकलं, "उद्या तुम्हीच जा दूध संघात. सुलभा येणार नाही म्हणावं." आत्याबाई पलंगावर पडून होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. ऐकलं असेल तर ऐकू दे, असंही वाटलं. माझी बुद्धीच चालत नव्हती.

संध्याकाळी दिवा लावला, भाकऱ्या थापल्या, आमटी उकळली. सगळ्यांची ताटं मांडली. आत्याबाईंना खुर्चीत बसवलं आणि मी भिंतीला टेकून खाली बसले, नुसतं क्षणभर. डोळे कधी मिटले ते समजलंच नाही.

ओठाला काहीतरी लागलं म्हणून जाग आली. डोळे उघडले तर आत्याबाई खुर्चीतून पुढं वाकल्या होत्या. भालचंद्र त्यांच्या खांद्याला धरून उभा होता. त्यांच्या डाव्या हाताच्या तीन बोटांत घास होता.

"आ कर," त्या म्हणाल्या.

"हे काय, आत्याबाई?"

"पैला घास शिकीवनाऱ्याला."

"मी कुठं शिकवलं? तुमच्या लेकानं शिकवलं, तेजूनं शिकवलं."

"चैतापासनं माझ्या तोंडात घास घालतीयास. घास कसा घालायचा, त्ये कुणी दावलं? आ कर."

मी तोंड उघडलं. त्यांनी घास माझ्या तोंडात घातला. थोडा हनुवटीवरून खाली सांडला. इतक्या महिन्यांत कुणी मला जेव म्हणून घास दिला नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडात भाकरी तशीच घोळत होती.

आत्याबाई वाट बघत होत्या.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं. "खरं सांग. गोड बोलायचं न्हाई."

मी घास गिळला. त्यांच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती, कधीच नव्हती.

"आमटी कमी लागली," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. सावकाश ताटाकडं वळल्या, दोन बोटांनी भाकरी दाबली, अंगठ्यानं ओढली. तुकडा आमटीत बुडवला, चांगला भिजू दिला. उचलला. मी तोंड उघडायला लागले, पण हात माझ्याकडं आला नाही. तो त्यांच्या छातीपाशी येऊन थांबला. आत्याबाईंनी एकदा भालचंद्रच्या डाव्या हाताकडं पाहिलं, जो त्यांच्या खांद्यावर होता. मग डोळे मिटले आणि घास आपल्या तोंडात घातला.

त्या बराच वेळ चावत राहिल्या. आमटी त्यांच्या मनगटावरून कोपराकडं ओघळली. मी पदर पुढं केला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"आता बराबर," त्या म्हणाल्या. आणि दुसरी भाकरी मोडता मोडता विचारलं, "सकाळी किती वाजता जायाचं तुला?"

"सातला निघायला लागेल."

"मग भाकरी करून झाकून ठिव. आन् आमटी जरा घट्ट कर. पातळ बोटांतनं गळती."